फेलिक्स वांकेल आणि त्याचें फिरतें एंजिन

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागांत, काळ्या अरण्याच्या पायथ्याशीं वसलेल्या लार या गांवीं १९०२ सालीं फेलिक्स वांकेल याचा जन्म झाला. वडील वनाधिकारी होते. ते पहिल्या महायुद्धाच्या आरंभींच धारातीर्थीं पडले. पुढें चलन ढासळून घरची पुंजीही बुडाली. विद्यालय सोडून फेलिक्सनें हायडेलबर्ग येथें एका ग्रंथविक्रेत्याकडे नोकरी धरली. दृष्टि अधू, पदवी नाहीं. पण यंत्रांचें वेड जबर!

सामान्य मोटारीच्या एंजिनांत दट्ट्या खालींवर धांवतो. त्याला क्षणोक्षणीं थबकून उलट वळावें लागतें, म्हणून हादरे बसतात. दट्ट्याऐवजीं फिरता भागच इंधनाच्या स्फोटानें ढकलावा, हा वांकेलचा ध्यास. या कल्पनेचें पहिलें पेटंट त्यानें १९२९ सालीं मिळविलें.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य नव्हे. तरुणपणींच तो नाझी पक्षांत शिरला होता. पक्षाच्या एका प्रांतप्रमुखावर भ्रष्टाचाराचे आरोप केल्यामुळें १९३३ सालीं त्यास तुरुंगवास घडला. परंतु सुटल्यावर त्याच राजवटीच्या आश्रयानें त्यानें विमानांच्या एंजिनांवर काम केलें. त्याच्या बुद्धीचें कौतुक करतांना हें विसरतां येत नाहीं.

युद्धानंतर एनएसयू कंपनीनें त्यास हाताशीं धरलें, आणि १९५७ च्या फेब्रुवारींत एंजिन प्रथम फिरलें. त्यांत बाहेरचें कवचही फिरत असे. हान्स डीटर पाश्के या अभियंत्यानें कवच स्थिर करून आंत केवळ तीन कोनांचा भाग फिरता ठेविला. वांकेलला हा बदल मुळींच रुचला नाहीं. जगानें मात्र पाश्केचीच रचना उचलली.

एंजिन हलकें, लहान व शांत होतें. पण त्या तीन कोनांवरील पट्ट्या झिजत आणि पेट्रोल फार लागे. एनएसयूची १९६७ ची रो ८० मोटार याच दोषांनीं बदनाम झाली. जपानच्या माझदा कंपनीनें तेवढी चिकाटी दाखविली. १९८८ सालीं वांकेल निवर्तला. २०१२ सालीं माझदानेंही आपली फिरत्या एंजिनाची मोटार थांबविली.

तथापि २०२३ सालीं तिनें एमएक्स-३० या हायब्रिड मोटारींत ८३० घन सेंटिमीटरचें तसलेंच एंजिन बसविलें. चाकें विजेवर फिरतात. सुमारें ८५ किलोमीटर तर विद्युत्घटांवरच जातां येतें. एंजिनाचें काम केवळ वीज निर्माण करण्याचें. चालकाच्या प्रत्येक घाईबरोबर त्यास धांवावें लागत नाहीं, आणि लहान असल्यामुळें तें विद्युत्यंत्राशेजारीं एकाच आंसावर मावतें. पेट्रोलची तहान त्यानें समूळ गेली असें नव्हे. परंतु ज्या एंजिनासाठीं वांकेलनें जन्म वेंचला, त्याचा आतां चाकांशीं प्रत्यक्ष संबंध उरला नाहीं. वांकेलजवळ स्वतः मोटार चालविण्याचा परवाना कधींच नव्हता.