डॉ. सलीम अली : पाखरांची नावे आणि नाती



शहापूर-मुरबाडकडे भातशेताच्या कडेला, विहिरीवर वाकलेल्या झाडाला सुगरणीची घरटी लोंबताना आपण पाहिली असतील. अंगणातली चिमणी तर घरचीच. दोघींची चोच जाड, दाणे टिपण्याजोगी. म्हणून जुन्या शास्त्रज्ञांनी दोघींना एकाच कुळात घातले होते. आज ते मानले जात नाही. मग जुनी नावेही टाकून द्यावयाची काय? या प्रश्नाचा विचार करताना मरहूम डॉ. सलीम अली यांचे चरित्र आपल्याला उपयोगी पडेल.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखलाच, शिवाय सोसायटीचा पक्षिसंग्रहही दाखविला. चिमणी या एका नावाखाली निरनिराळ्या जाती असतात, हे त्या मुलाला तेथे उमगले.

पुढची वाट सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे हवी ती नोकरी मिळाली नाही. १९२९ मध्ये ते बर्लिनला जाऊन प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्याजवळ शिकले. १९३० मध्ये परतले, तो मुंबईच्या म्युझियममधील त्यांची जागाच रद्द झालेली! तेव्हा किहीमला राहून त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला. नर घरटे विणतो, मादी ते पसंत करते आणि मग नर दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. १९६८ ते १९७४ या काळात रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर डी.एन.ए.च्या तपासणीने पुष्कळ जुनी नाती मोडली. चिमणी ही सुगरणीपेक्षा शेपूट हलविणाऱ्या धोब्याला अधिक जवळची ठरली. ससाण्याला आपण घारीचा भाऊबंद समजतो. पण २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात तो पोपटांच्या जवळचा निघाला. वाकडी चोच आणि तीक्ष्ण नख्या शिकारीच्या गरजेच्या; त्या दोन वेगळ्या घराण्यांत आढळतात.

आपल्याकडे गावावरून आडनाव पडते. मुरबाडकर म्हटले की गाव कळते. पण दोन मुरबाडकर रक्ताच्या नात्याचे असतीलच असे नाही. म्हणून कोणी आडनाव टाकीत नाही. पाखरांचेही तसेच आहे. ‘शिकारी पक्षी’ हे नाव त्यांची राहणी सांगते. वंश सांगत नाही. नाव ओळखीसाठी ठेवावे, नाते पुराव्यावरून ठरवावे.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, परीक्षेत शास्त्राचे कूळ बिनचूक लिहा. पण वडीलधाऱ्यांकडून आणि ठाकूर-कातकरी शेजाऱ्यांकडून पाखरांची बोलीतली नावेही वहीत उतरवून घ्या. आणि पालकहो, मूल झाडाखाली पाखरू निरखीत उभे राहिले, तर वेळ वाया घालवितो म्हणून त्याला रागावू नका. पदवीचे मोल मोठे आहेच. परंतु ज्या जिज्ञासेतून सलीम अली घडले, तिची सुरुवात गळ्यावरच्या एका पिवळ्या डागापासून झाली होती.