हाफकिन यांचा वारसा आणि आजचा रुग्ण

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईत कोणाला ठाऊक नाही? परंतु ज्यांचे नाव त्या संस्थेला दिले गेले, त्या वाल्देमार हाफकिन यांनी या शहराला प्लेगच्या लशीखेरीज आणखी एक गोष्ट दिली, तिचा मात्र आपणांस विसर पडला आहे. नवा उपचार गुणकारी आहे की नाही, हे ठरवावयाचे तर तो घेणारे आणि न घेणारे यांची सारख्याच परिस्थितीत तुलना केली पाहिजे, हा तो धडा होय. त्याच परळमध्ये आज टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथून तेथे येणाऱ्या कर्करुग्णापुढे जेव्हा क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजे उपचार-चाचणीचा, विषय निघतो, तेव्हा प्रयोग या शब्दानेच घरची माणसे दचकतात. ही भीती अनाठायी आहे काय? हाफकिन यांचे चरित्र या प्रश्नाचे उत्तर देते, आणि ते उत्तर एकेरी नाही.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. धर्मांतर केले असते तर रशियात विद्यापीठीय जीवनाचा मार्ग मोकळा झाला असता; तो त्यांनी नाकारला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेची वाट धरली. तेथे त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांत त्यांनी एकाच घरातील लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांची नोंद ठेवावयास आरंभ केला. पुढे त्यांच्या कार्याची हीच पद्धत ठरली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्याच मदतीवर त्यांनी काही महिन्यांत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगावर तिची परीक्षा घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली. उरलेले तसेच राहिले. अन्न तेच, कोठड्या त्याच, रोगही तोच. लस न घेतलेल्यांत पुढे १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही. १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी त्यांनी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस दिली. न घेतलेल्यांपैकी २६ जण मरण पावले, घेतलेल्यांपैकी ३.

हे सारे घडत होते तेव्हा पुण्यात प्लेग-निवारणासाठी सोजीर घरांत घुसत होते. त्या जुलमाची परिणती १८९७ च्या जूनमध्ये रँडच्या वधात झाली, हे महाराष्ट्रास सांगावयास नको. रोग एकच होता. पण एकीकडे सक्ती होती आणि दुसरीकडे संमती. तथापि कैद्याची संमती ही खरोखर मोकळी संमती असते काय, हा प्रश्न आपण आज विचारलाच पाहिजे. ज्याला नाही म्हणण्याची ताकद नाही, त्याच्या होकाराला फारशी किंमत नसते.

दुसरा धडा कटू आहे. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली; त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. त्या साऱ्यांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर, ठेवण्यात आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली गावात उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हे पुढे आले. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी जाहीर बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परंतु मधली वर्षे परत आली नाहीत. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३० मध्ये लोझान येथे वारले. त्यापूर्वी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले होते.

आता आजच्या रुग्णाकडे वळू. सार्कोमा हा स्नायू, चरबी, मज्जातंतू अशा मृदू ऊतींत उद्भवणारा कर्करोग. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा सुमारे एक टक्का, आणि त्यातही ५० हून अधिक प्रकार. अशा विरळ रोगात कोणाही एका डॉक्टरचा अनुभव अपुरा पडतो. तुलनेवाचून ज्ञान वाढत नाही. एके काळी हातापायाच्या सार्कोमावर अवयव कापणे हाच राजमार्ग होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने अवघ्या ४३ रुग्णांत, कोणावर कोणता उपचार करावयाचा हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवून, अवयव कापणे आणि अवयव राखून शस्त्रक्रियेसह किरणोपचार करणे यांची तुलना केली. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या आयुर्मर्यादेत लक्षणीय फरक आढळला नाही. आज जगभर अनेकांचे पाय शाबूत राहतात, त्यात त्या ४३ जणांचा वाटा आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर चाचणीतून मिळणारे ज्ञान ही सार्वजनिक संपत्ती आहे, पण तिची किंमत मोजतात मोजके लोक. म्हणूनच त्या मोजक्यांचे हित जपणे हे समाजाचे देणे ठरते.

हे देणे फेडण्याची काही व्यवस्था आता आहे. २००७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली आणि १५ जून २००९ पासून औषध-चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. ही नोंदवही संगणकावर कोणासही विनामूल्य पाहता येते. चाचणी कोणत्या रुग्णालयात आहे, रुग्ण घेणे चालू आहे काय, प्रवेशाच्या अटी कोणत्या, हे तीत दिलेले असते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई यांची तरतूद आहे. संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावे लागते आणि कारण न देता केव्हाही बाहेर पडण्याचा त्याला हक्क आहे. मात्र नोंद झाली म्हणजे सरकारने उपचाराची हमी दिली, असे समजू नये. चाचणीत भाग घेण्यासाठीच कोणी पैसे मागू लागला तर सावध व्हावे. संशोधनाचा खर्च रुग्णावर लादू नये, असे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

पहिली पायरी मात्र चाचणीच्याही आधीची आहे. खोलवर असलेली, वाढत जाणारी किंवा पाच सेंटिमीटरहून मोठी गाठ, दुखत नसली तरी, चरबीची समजून घाईने कापून घेऊ नये. आधी एमआरआय, मग तज्ज्ञाकडून तुकडा तपासणी, आणि काचपट्ट्या व ब्लॉक घेऊन सार्कोमा पाहणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाचे मत, हा क्रम असावा. कोणत्या चाचणीत प्रवेश मिळेल हे नेमक्या प्रकारावर ठरते. आधी कोणती औषधे घेतली यावरही ते पुष्कळदा अवलंबून असते. म्हणून चौकशी उपचार सुरू होण्यापूर्वीच करावी. ही चाचणी कोणत्या टप्प्याची? तुलना कशाशी? चाचणीत न गेल्यास कोणता उपचार मिळेल? मुलुंडहून परळला किती खेपा, बुडणाऱ्या रोजाचे आणि गाडीभाड्याचे काय? हे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. संमती त्यांनीच खरी होते.

नोंदवही इंग्रजीत आहे, आणि गाठ इंग्रजी जाणणाऱ्यालाच होते असे नाही. उपनगरांतील प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत एखादा शिक्षक, एखादा कारकून, एखादा विद्यार्थी असतोच. शेजाऱ्यासाठी त्या नोंदी वाचून, अटी मराठीत समजावून, प्रश्नांचा कागद लिहून देणे एवढे त्याला सहज करता येईल. निर्णय रुग्णाने आपल्या डॉक्टरांशी बोलून करावयाचा आहे, होकाराचा वा नकाराचा. भायखळ्याच्या कैद्यांपाशी विचारावयास कोणी नव्हते. आपल्या शेजाऱ्यापाशी आपण आहोत.