लॉर्ड केल्विन: भरती-ओहोटीचं गणित मशीनला शिकवणारा माणूस

नाशिकहून अलिबागला ट्रिप निघाली की कुणीतरी फोनवर ओहोटीची वेळ बघतंच. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी हवी. भरतीला वाट पाण्याखाली जाते. पण फोनला ही वेळ आधीच कशी कळते? उत्तर दीडशे वर्षं जुनं आहे.

विल्यम थॉमसन यांचा जन्म १८२४ चा, बेलफास्टचा. वडील गणिताचे प्राध्यापक. मुलगा दहाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात शिकायला गेला आणि २२ व्या वर्षी तिथेच प्राध्यापक झाला! शाळकरी वयातच त्याने फुरियरचं उष्णतेवरचं पुस्तक वाचलं होतं. हो, एम-थ्रीमध्ये आपल्याला छळणारा तोच फुरियर. गुंतागुंतीची लाट म्हणजे अनेक साध्या लाटांची बेरीज, ही त्याची आयडिया.

पुढे अटलांटिक समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलसाठी थॉमसन यांना १८६६ मध्ये 'सर' किताब मिळाला. मग ते भरतीकडे वळले. चंद्रामुळे येणारी लाट साधारण १२ तास २५ मिनिटांची, सूर्यामुळे येणारी १२ तासांची. अमावास्या-पौर्णिमेला दोन्ही जुळतात आणि उधाण येतं. शिवाय किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली यामुळे प्रत्येक बंदराचं गणित वेगळं. हाताने ही बेरीज करणं म्हणजे डोकेदुखीच.

१८७२ मध्ये त्यांनी मशीन बनवलं. दहा लाटांसाठी दहा कप्प्या, सगळ्यांवरून जाणारी एकच तार आणि तिच्या टोकाला पेन. हँडल फिरवा, पुढच्या भरती-ओहोटीचा ग्राफ तयार! वीज नाही, चिप नाही, तरी हा कॉम्प्युटरच होता.

मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद होऊ लागली. १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या डिझाइनचं, याच तत्त्वावरचं मशीन खास भारतातल्या बंदरांसाठी तयार झालं.

थॉमसन १८९२ मध्ये लॉर्ड केल्विन झाले आणि १९०७ मध्ये वारले. बेरीज तीच राहिली, आता सॉफ्टवेअर करतं एवढंच. खडकावरची कालवं, खाडीतली तिवरं, कोळीवाड्यातल्या होड्या, सगळ्यांचं टाइमटेबल याच लाटांवर चालतं.

पण या गणितात फक्त चंद्र-सूर्य आहेत, पाऊस-वारा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यात भरती, त्यामुळे पाण्याचा निचरा होईना. म्हणून पावसाळ्यात किनाऱ्यावर जाताना भरतीची वेळ बघाच, सोबत हवामान खात्याचा इशाराही बघा.