रुग्णशय्येपाशी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की, हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून रात्री फिरणारी स्त्री डोळ्यांपुढे उभी राहते. ते चित्र खोटे नाही. पण क्रिमियाच्या युद्धातील त्यांची सेवा दोन वर्षांहूनही कमी काळ चालली. त्यानंतर त्या ५४ वर्षे जगल्या, आणि त्यांतील कितीतरी वर्षे त्या स्वतःच अंथरुणाला खिळलेल्या होत्या. आयुष्याचा हा भाग चित्रात शोभणारा नाही; मला मात्र तोच अधिक मोलाचा वाटतो.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. आईबापांनी मुलीला त्या शहराचेच नाव ठेवले. घर इंग्रज आणि सधन होते. वडिलांनी तिला ग्रीक, लॅटिन, इतिहास हे विषय स्वतः शिकविले. अशा घरातील मुलीने रुग्णसेवेचे नाव काढावे, हे आईला व बहिणीला मुळीच रुचले नाही. त्या काळी इंग्लंडमधील इस्पितळांत रोग्यांची सेवा करणाऱ्या स्त्रिया बहुधा अशिक्षित असत आणि मद्यपी म्हणून त्यांचा दुर्लौकिक होता. अनेक वर्षे घरच्यांशी झगडून फ्लॉरेन्सने १८५१ साली जर्मनीतील कैझर्सवेर्थ येथे सुमारे तीन महिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले. १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन त्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या आणि १८५६ मध्ये परतल्या, त्या खालावलेली प्रकृती घेऊनच.

आता रोग्याचे दुःख त्यांना खाटेवरूनच दिसू लागले. १८५९ साली त्यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक लिहिले, ते घरोघरी आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी. त्यात औषधांपेक्षा बारीकसारीक गोष्टींचीच चर्चा अधिक आहे. रोग्याशी बोलताना त्याला मान वळवावी लागू नये, म्हणून त्याच्या समोर बसावे. दाराबाहेर कुजबुजत उभे राहू नये. आपल्याविषयीच काही बोलणे चालले आहे, या शंकेने आजारी माणूस व्याकूळ होतो. न खाल्लेले अन्न त्याच्या उशाशी तसेच ठेवू नये. शक्य तर खिडकीतून त्याला बाहेरचे दिसावे. दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाला एखादा लहानसा पाळीव प्राणी फार चांगली सोबत करतो, हेही त्यांनी नोंदविले आहे. आणि भेटीला येऊन, तुम्हांला काही झालेले नाही, लवकरच बरे व्हाल, असा पोकळ धीर देणाऱ्यांवर तर त्यांनी चांगलेच कोरडे ओढले आहेत. आपली अवस्था रोग्याला ठाऊक असते. अशा बोलण्याने तो अधिकच एकटा पडतो.

त्याच १८५९ साली लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी दीर्घ आजाराने वारली. तिचे दुखणे बरे होण्यासारखे नव्हते. तरी मेरी रॉबिन्सन या परिचारिकेच्या सेवेमुळे तिचे अखेरचे दिवस पुष्कळ सुसह्य झाले. रॅथबोनच्या मनात आले, पैसा असून आपली ही अवस्था, मग गरिबांचे मरण कसे असेल? त्याने मेरीला तीन महिन्यांसाठी शहरातील दरिद्री वस्तीत घरोघर जाऊन सेवा करण्याचे काम दिले. महिना होतो न होतो तोच ती रडत परत आली. तेथील हाल तिला बघवेनात. रॅथबोनने तिची समजूत घातली आणि ती पुन्हा त्या घरांत गेली. मुदत संपली तेव्हा मात्र ते काम सोडण्यास तीच तयार होईना!

एकट्या मेरीने शहराचे काय भागणार? रॅथबोन आणखी परिचारिका शोधू लागला, तर शिकलेल्या परिचारिका मिळतच नव्हत्या. त्याने नाइटिंगेलबाईंना पत्र लिहिले. युद्धकाळातील सेवेबद्दल कृतज्ञतेने लोकांनी जमविलेल्या सुमारे ४५,००० पौंडांच्या निधीतून त्यांनी १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांचे विद्यालय काढले होते. परंतु तेथूनही पुरेशा परिचारिका देणे शक्य नव्हते. तुमच्या शहरातील इस्पितळातच त्या शिकवून तयार करा, असा सल्ला त्यांनी दिला. त्याप्रमाणे १८६२ मध्ये लिव्हरपूलचे विद्यालय सुरू झाले. पुढे शहराचे १८ विभाग करून प्रत्येकात परिचारिका नेमण्यात आल्या.

हे काम सुखाचे नव्हते. सेंट टॉमसमध्ये शिकलेली ॲग्नेस जोन्स १८६५ साली १२ परिचारिकांसह लिव्हरपूलच्या निराधारांच्या रुग्णालयात आली आणि तीनच वर्षांत टायफसच्या तापाने गेली. तेव्हा ती अवघी ३५ वर्षांची होती.

घरोघर जाणाऱ्या परिचारिकेला इस्पितळातील परिचारिकेहून अधिक शिक्षण हवे, असे नाइटिंगेलबाईंनी १८७६ मध्ये आग्रहाने मांडले. इस्पितळात डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. झोपडीत ती आणि तो रोगी, दोघेच. रोग्याची लक्षणे तिनेच टिपून डॉक्टरला सांगायची. रोग्याप्रमाणे त्याच्या खोलीचीही तिने शुश्रूषा करायची, म्हणजे झाडलोट करून हवा-उजेड आत आणायचा, आणि तेच काम घरच्या माणसांना शिकवून यायचे. तिने दानधर्म मात्र वाटू नये. नाही तर लोक तिची वाट पाहतील ती पैशासाठी, असे त्यांना वाटे.

ही सारी खटपट बव्हंशी पत्रांतून चाले. १८८९ मध्ये आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांनी खेड्यांतील आरोग्याविषयी पत्रव्यवहार केला होता. उतारवयात त्यांची दृष्टी गेली. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

सेंट टॉमसच्या त्याच विद्यालयात १९४० साली सिसिली सॉन्डर्स नावाची एक विद्यार्थिनी दाखल झाली. परिचारिका होऊन, पुढे डॉक्टरही होऊन, तिने १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर हे रुग्णालय उघडले. ज्यांचा रोग बरा होणार नाही, अशांच्या वेदना शमविण्यासाठीच ते होते. आणि दोनच वर्षांत तेथील परिचारिका रोग्यांच्या घरोघरीही जाऊ लागल्या.