जेन स्कूलक्राफ्ट : मुलं इंग्रजी शाळेत सोडली, कविता ओजिब्वेत लिहिली

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या आदिवासी साहित्यिकांमध्ये जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्टचं नाव अगदी वर येतं. १८०० साली लेक सुपीरियरजवळच्या सू सेंट मरी गावात तिचा जन्म झाला. आजोबा वाबोजीग हे ओजिब्वे लोकांचे नावाजलेले प्रमुख, तर वडील आयर्लंडहून आलेले फरचे व्यापारी. आईला इंग्रजी समजायचं, पण बोलायची ती ओजिब्वेच.

१८२३ मध्ये जेनचं लग्न झालं हेन्री स्कूलक्राफ्टशी. हा गडी सरकारचा ‘इंडियन एजंट’, म्हणजे आदिवासींचे व्यवहार बघणारा अधिकारी. ओजिब्वे कथा त्याला मिळाल्या जेन आणि तिच्या माहेरच्यांकडून. पुस्तकावर नाव मात्र हेन्रीचं. त्यातूनच पुढे लाँगफेलोचं ‘हायावाथा’ हे गाजलेलं काव्य आलं.

पण खरी मेख १८३६ च्या करारात आहे. सरकारतर्फे तो हेन्रीनेच घडवून आणला आणि ओजिब्वे व ओडावा लोकांची प्रचंड जमीन गेली. आजच्या मिशिगनचा एक तृतीयांशाहून जास्त भाग!

१८३९ मध्ये जेनच्या दोन्ही मुलांना दूर पूर्वेकडच्या शाळांत ठेवलं गेलं. त्यांना सोडून निघताना जेनने कविता लिहिली, तीही ओजिब्वेत. विषय दोनच, आपली भूमी आणि मागे राहिलेली मुलं. हेन्रीने इंग्रजी भाषांतर करताना ती भलतीच लांबवली, वर कर्तव्याचा उपदेशही घातला.

१८४२ मध्ये बहिणीकडे गेलेली असताना कॅनडात जेन वारली. नवरा तेव्हा युरोपात होता. तिचं लेखन पुस्तकरूपाने एकत्र आलं थेट २००७ मध्ये. त्यात या कवितेचं नवं, मुळाबरहुकूम भाषांतर आहे. ते केलं ओजिब्वे जाणणाऱ्यांनी.