फादर स्टीफन्स : इगर्जीतील ओवी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव बहुधा एका स्तुतीपुरते येते. मराठी भाषेचा गौरव करणाऱ्या त्यांच्या ओव्या पाठ्यपुस्तकांमुळे सर्वपरिचित झाल्या. परंतु ज्या दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या ग्रंथातून त्या उचलल्या गेल्या, तो मुळात एकांतातील वाचकासाठी नव्हे, तर सासष्टीतील इगर्जीत जमणाऱ्या श्रोत्यांसाठी रचला गेला होता, याचे भान क्वचितच राखले जाते. ‘ख्रिस्तपुराण’ हे मोठ्याने म्हणून ऐकविण्याचे काव्य होय. त्याच्या कर्त्याचे चरित्र या अंगाने पाहिले असता पुष्कळसे वेगळे दिसू लागते.

स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. वडील व्यापारी होते. मुलगा दहा वर्षांचा होतो न होतो तोच, १५५९ मध्ये, एलिझाबेथ राणीच्या राजवटीने कायद्याने एकच प्रॉटेस्टंट उपासनापद्धती सर्व देशास लागू केली. लॅटिन मिस्सा निषिद्ध ठरली आणि जुन्या श्रद्धेचे लोक बंद दाराआड प्रार्थना करू लागले. थॉमस पाउंड या कॅथलिक गृहस्थाच्या सहवासात, काही काळ त्याच्या सेवकाच्या वेषात, स्टीफन्स इंग्लंडमध्ये हिंडले. पाउंड पकडला गेला. स्टीफन्स रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले.

ज्या भूमीत ते उतरले तेथेही एक उपासना निषिद्ध होती. फरक एवढाच की, येथे मनाई करणारी सत्ता त्यांच्याच पंथाची होती. १५६७ मध्ये सासष्टीतील शेकडो देवळे पाडली गेली आणि त्याच वर्षीच्या धर्मपरिषदेने हिंदूंच्या धर्मग्रंथांवर व जाहीर आचारांवर बंदी घातली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी रुडॉल्फ आक्वाव्हिवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना ठार केले. त्यांचे देह मिळवून दफन करण्याच्या कामी स्टीफन्स होते. सत्तेच्या या वर्तनाचा त्यांनी निषेध केल्याचे दिसत नाही, आणि त्यांच्या पुराणातही मूर्तिपूजेवर प्रहार आहेतच. त्यांना आधुनिक अर्थाने उदारमतवादी ठरविण्याचा मोह म्हणूनच टाळला पाहिजे.

तरीही हा माणूस वेगळा होता. कुंकळ्ळीची घटना ताजी असतानाच, ऑक्टोबर १५८३ मध्ये, भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची वाखाणणी केली आणि त्यांच्या घडणीचे ग्रीक व लॅटिनशी साम्य असल्याचे नोंदविले. विल्यम जोन्स यांच्या १७८६ मधील सुप्रसिद्ध व्याख्यानापूर्वी दोन शतके केलेले हे निरीक्षण आहे.

पुराण रचण्याची प्रेरणा ग्रंथाच्या आरंभीच सांगितली आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एका नवख्रिस्ती श्रोत्याने गाऱ्हाणे मांडले : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी ऐकायला दुसरे काही द्या. मागणी साधी दिसते. तिच्यामागील पोकळी मोठी होती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतरच्या इगर्जीत मिस्सा लॅटिनमध्येच होई. ग्रामशाळांतून मुलांना त्या गायनाचे शिक्षणही मिळे. पण ज्याला लॅटिन कळत नाही अशा सामान्य माणसाने आपल्या जिभेवर काय खेळवावे, या प्रश्नाला त्या गायनात उत्तर नव्हते. श्रद्धा बदलली म्हणून कानांची सवय बदलत नाही. स्टीफन्स यांनी ती सवयच हाताशी धरली. ओवीला वाद्य लागत नाही, स्वरलिपी लागत नाही. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि मोकळा सुटणारा चौथा चरण एवढ्या बळावर ती जात्यापासून कीर्तनापर्यंत कोठेही चालते. या छंदात त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा दोन पुराणांत बांधली आणि स्वर्गाला निःशंकपणे वैकुंठ म्हटले. एकनाथांचे निर्वाण १५९९ चे. म्हणजे हे काव्य त्यांच्या उत्तरकाळाच्या अगदी लगतचे होय. रविवारी व सणावारी मिस्सा झाल्यावर ते इगर्जीत वाचले जाई. विधी लॅटिनचा आणि भक्ती मराठीची, अशी ही विभागणी होती. मिस्सेतच लोकभाषा येण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) वाट पाहावी लागली.

ग्रंथ देशी लिपीत छापावा ही स्टीफन्स यांची इच्छा होती. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी संघाच्या रोममधील प्रमुखांना तसे लिहिले आणि अक्षरांसाठी लागणाऱ्या साच्यांचा हिशेबही कळविला. ते घडले नाही. १६१६ मध्ये राशोल येथे पुराण रोमन लिपीत छापले गेले. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, कर्त्याचे निधन झाले. आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, मुख्यतः सासष्टीच्या गावांत काढली होती.

पुढे दैवाने एक विचित्र फेरा घेतला. १६४९ व १६५४ मध्ये पुराण पुन्हा छापले गेले खरे; पण १६८४ च्या फर्मानाने गोव्यातील लोकभाषाच दडपण्यास आरंभ झाला आणि १७३६ मध्ये इन्क्विझिशनने विवाहसमारंभात ओव्या गाण्यास मनाई केली. ज्या छंदात इगर्जीने येशूची कथा ऐकली, तो छंदच संशयास्पद ठरला! तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही.

पुराण वाचले ते गोव्यातून कानडा प्रदेशात स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे. त्यांनी हस्तलिखिते जपली, नकलून घेतली. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये श्रीरंगपट्टणास नेलेल्या बंदिवानांना १७९९ पर्यंतच्या कैदेत या ओव्यांचाच आधार होता, अशी मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात परंपरा आहे. तेथे ना पाद्री होता ना मिस्सा; होते ते पाठांतर. याच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला पुराणाची रोमन आवृत्ती सिद्ध केली. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी प्रतीकडे जस्टिन ॲबट यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाली, तेव्हा स्टीफन्स यांच्या त्या पत्राला तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे होत आली होती.