जोतीराव गोविंदराव फुले

जोतीराव गोविंदराव फुले (११ एप्रिल १८२७ – २८ नोव्हेंबर १८९०) हे महाराष्ट्रातील समाजसुधारक, शिक्षणप्रसारक, लेखक आणि सत्यशोधक समाजाचे संस्थापक होते. स्त्रिया, शूद्र व अतिशूद्र यांच्या शिक्षणासाठी त्यांनी पुण्यात शाळा काढल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ग्रामीण शिक्षकांना पुरेसे वेतन द्यावे आणि परीक्षेच्या निकालावर अवलंबून असलेली अनुदानपद्धती गरीब समाजांना लावू नये, अशी भूमिका त्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली.

पूर्वायुष्य व शिक्षण

फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे असून मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण होय. पुण्यात आल्यावर फुलांच्या व्यवसायामुळे घराण्याला फुले हे नाव पडले. जोतीरावांच्या वडिलांचे नाव गोविंदराव व आईचे चिमणाबाई होते. जोतीराव लहान असतानाच आईचे निधन झाले. प्राथमिक शिक्षणानंतर त्यांची शाळा सुटली होती. मात्र गफार बेग मुनशी व लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तेथे ते १८४७ पर्यंत शिकले. त्याआधी १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. थॉमस पेन यांच्या मानवी हक्कांवरील ग्रंथाचा त्यांच्या विचारांवर प्रभाव पडला.

शैक्षणिक कार्य

१८४८ मध्ये त्यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. या कार्याला झालेल्या विरोधामुळे पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. पुढे १८५१ व १८५२ मध्ये मुलींच्या आणखी शाळा निघाल्या. तसेच अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार, मांग आदी समाजांच्या मुलांसाठीही शाळा सुरू झाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्यातील विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे त्यांचा सत्कार करण्यात आला. १८५५ मध्ये त्यांनी कामकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. मिशनच्या मुलींच्या शाळेतही त्यांनी काही वर्षे अध्यापन केले. त्यामुळे शिक्षकाच्या व्यवसायाचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता.

सरकारी शिक्षणखात्याचे ते कठोर टीकाकार होते. १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ या पवाड्यात त्यांनी बहुजनांच्या मुलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या शिक्षकांवर टीका केली.

हंटर आयोग आणि शिक्षकांच्या वेतनाचा प्रश्न

इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये निकालावर आधारित अनुदानाची पद्धत लागू झाली. निरीक्षक शाळेत येऊन मुलांची वाचन, लेखन व अंकगणिताची परीक्षा घेई. उत्तीर्ण मुलांची संख्या व हजेरी पाहून शाळेचे अनुदान ठरे. त्याच धर्तीचे नियम मुंबई इलाख्यात खासगी शाळांसाठी आले. सरकारी शाळांतील शिक्षकांना ठरावीक पगार असे. स्वतःच्या बळावर शाळा चालवणाऱ्या पंतोजीची मिळकत मात्र मुलांची फी आणि परीक्षेचा निकाल यांवर अवलंबून राही.

३ फेब्रुवारी १८८२ रोजी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय शिक्षण आयोग नेमण्यात आला. त्याला फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी लेखी निवेदन सादर केले. आपला अनुभव मुख्यतः पुणे व आसपासच्या खेड्यांतील असल्याचे त्यांनी त्यात नमूद केले. सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेकडून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मूळ आक्षेप होता.

प्राथमिक शिक्षकांचा पगार क्वचितच १० रुपयांवर जातो, असे त्यांनी निदर्शनास आणले. प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये वेतन असावे, अशी त्यांची सूचना होती. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील व गरज पडल्यास नांगरालाही हात लावतील, असे त्यांचे मत होते. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल यांसारखी कामे शिक्षकाकडे दिल्यास त्याची प्रतिष्ठा वाढेल, असेही त्यांनी सुचवले.

निकालाचा वेतनाशी कोणताच संबंध नसावा, असे मात्र त्यांचे म्हणणे नव्हते. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या खेड्यातील शिक्षकाला उत्तेजन म्हणून पगाराव्यतिरिक्त विशेष भत्ता द्यावा, अशी शिफारस त्याच निवेदनात आहे. त्यांचा विरोध निकालालाच उपजीविकेचा आधार करण्याला होता. ज्या समाजांत शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही, तेथे अशा अटीवर कोणीही शिक्षक शाळा काढणार नाही, कारण त्याचे पोट त्यावर भरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. गोडी निर्माण होईपर्यंत अशा ठिकाणी सरकारी शाळा व विशेष साहाय्य आवश्यक आहे, असे ते मानत. पुण्याच्या पश्चिमेकडील मुळशीसारख्या डोंगराळ मावळी भागात भातलावणी व गुरे राखण्याच्या कामामुळे मुलांची हजेरी शिक्षकाच्या हाती राहत नसे. अशा प्रदेशांना हा युक्तिवाद विशेषत्वाने लागू पडतो. स्पर्धेतून दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांवरही त्यांचा असाच आक्षेप होता. ही पद्धत तत्त्वतः न्याय्य असली तरी तिचा फायदा आधीच शिकलेल्या वर्गांनाच होतो, असे त्यांनी दाखवून दिले.

याशिवाय किमान १२ वर्षे वयापर्यंत सक्तीचे शिक्षण, स्थानिक कराच्या निधीपैकी निम्मा हिस्सा प्राथमिक शिक्षणाला, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि वर्षातून एकदाऐवजी दर तिमाहीला शाळातपासणी या मागण्याही निवेदनात होत्या.

आयोगाने सक्तीची मागणी स्वीकारली नाही. अनुदानित प्राथमिक शाळांचे अनुदान बऱ्याच अंशी निकालावरच ठरवावे, अशी त्याची शिफारस होती. मात्र मागासलेल्या भागांतील शाळांसाठी अपवाद करण्याची मुभा त्याने ठेवली. इंग्लंडमध्ये ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. भारतात ती विसाव्या शतकाच्या आरंभी, लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत मागे पडली.

सामाजिक कार्य व लेखन

१८६३ मध्ये फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापन केले. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ‘तृतीय रत्न’ (१८५५), ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) ही त्यांची प्रमुख पुस्तके होत. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

अखेरची वर्षे व वारसा

११ मे १८८८ रोजी मुंबईतील सभेत त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची त्यांची मागणी पुढे कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायद्याने अमलात आणली. शिक्षकांचे वेतन विद्यार्थ्यांच्या निकालाशी जोडावे काय, या प्रश्नावरील मराठी प्रदेशातील आरंभीच्या महत्त्वाच्या विवेचनांत त्यांच्या निवेदनाचा समावेश होतो.